मॉडेल मिस्त्रीलाही दाखवा

16 वर्षं नागपुरात साईट इंजिनिअर म्हणून काम करतोय. बांधकामाचं भविष्य डिजिटल आहे असं आता जो तो म्हणतो, आणि मलाही ते मनापासून पटतं. आपल्या मेट्रोनं 5-डी बिम (बिल्डिंग इन्फॉर्मेशन मॉडेलिंग), म्हणजे बांधकामाचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल, वापरलं. 5-डी म्हणजे लांबी, रुंदी, उंची तर आहेच, पण कोणतं काम कधी होणार आणि त्याला किती खर्च येणार, हेही त्याच मॉडेलला जोडलेलं. गड्डीगोदामला जाऊन बघा. खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. ब्रिटननं तर 2016 पासून केंद्र सरकारच्या कामांना बिम सक्तीचंच केलं.

तरीही मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या 2017 च्या अहवालात होतं की, त्याआधीच्या 20 वर्षांत जगभर बांधकामातली उत्पादकता वर्षाला सरासरी 1 टक्क्यानं वाढली. एकूण अर्थव्यवस्थेची 2.8 टक्क्यांनी. लोक याची बरीच कारणं देतात. मी माझ्या साईटवर पाहिलेलं एक सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका इमारतीत आर्किटेक्टनं बाथरूम सरकवलं. बीममधली पाईपची स्लीव्ह, म्हणजे पाईप जाण्यासाठी काँक्रीटमध्ये ठेवायची नळी, 450 मिमी बाजूला गेली. सुधारित ड्रॉइंग ई-मेलनं आली, माझ्या फोनमध्ये होती. मिस्त्रीच्या हातात मात्र जुनाच कागद, घामानं आणि सिमेंटनं घड्यांवर फाटलेला. त्यानं त्या कागदाप्रमाणे अगदी चोख काम केलं. स्लॅब ओतला, तराई (काँक्रीटवर पाणी मारणं) सुरू झाली, आणि चौथ्या दिवशी प्लंबर ओरडत आला. काँक्रीटला भोक पाडायला कोअर कटिंगचं मशीन आणलं, त्यात एक सळई कापली गेली, मग डिझायनरकडे धावपळ. शेवटी ठेकेदारानं मिस्त्रीची तीन दिवसांची मजुरी कापली.

"मले तं हाच कागद भेटला होता, साहेब," एवढंच तो म्हणाला. चूक माझी होती. मी ठेकेदाराशी भांडलो, पण त्याचे पैसे काही परत मिळाले नाहीत. तुमसरकडचा माणूस, घरी दोन मुली शिकणाऱ्या. ते अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून स्लॅबच्या आदल्या दिवशी मी मिस्त्रीला टॅबवर मॉडेल दाखवतो. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा त्यानं हात पँटला पुसले, मग एका बोटानं कॉलम फिरवून फिरवून पाहिला. बराच वेळ काही बोलला नाही. मग बीम-कॉलमच्या जोडावर बोट ठेवून म्हणाला, "साहेब, इथं व्हायब्रेटरची निडल जातच नाही. हनीकोंब होईन." म्हणजे काँक्रीट हलवून बसवणारी कांडी आत जाणार नाही आणि काँक्रीटमध्ये पोकळ्या राहतील. सॉफ्टवेअरनं क्लॅश, म्हणजे एकमेकांना अडणाऱ्या जागा, शून्य दाखवला होता. सळ्या एकमेकींना अडत नव्हत्याच, पण त्यांच्यामधून निडल घालणारा माणूस कॉम्प्युटरला कुठून दिसणार? डिझायनरला फोन केला, त्यानं सळ्यांची मांडणी बदलून दिली. दुसऱ्या दिवशी काँक्रीट नीट बसलं.

आता बऱ्याच साईटवर मजुराचा चेहरा रोज सकाळी हजेरीसाठी स्कॅन होतो. म्हणजे त्याच्यापर्यंत तंत्रज्ञान पोचलंय, पण फक्त त्याच्यावर नजर ठेवायला. जे बांधायचं ते दाखवायला कुणी थांबत नाही. हे मला चुकीचं वाटतं आणि मी ते प्रत्येक मीटिंगमध्ये बोलतो.

बंगळुरूला 2023 मध्ये थ्री-डी प्रिंटिंगनं पोस्ट ऑफिस उभं राहिलं. पुढे रोबोही येतील, जरूर येऊ द्या. मे महिन्यात 45 अंशात शटरिंगच्या तापलेल्या प्लेटा उचलणाऱ्याचं अंग वाचणार असेल तर उद्याच येऊ द्या. पण सॉफ्टवेअरच्या लायसन्सला लाखो रुपये मोजताना मिस्त्रीच्या शिकण्याचे दोन दिवस भर मजुरीसकट त्याच अंदाजपत्रकात धरा. ॲपमध्ये मराठी आणि हिंदी ठेवा. जुना कागद परत घेतल्याशिवाय नवा देऊ नका.

नागपुरातल्या साईट इंजिनिअर मित्रांनो, तुमच्याकडे शेवटची ड्रॉइंग मिस्त्रीच्या हातात कोण देतं आणि कधी देतं, ते कमेंटमध्ये लिहा. मला खरंच जाणून घ्यायचंय.