स्वामीचा एपिसोड

मुलानं पुण्याहून मोठा टीव्ही पाठवला, इथपर्यंत सगळं ठीक होतं. चूक माझी झाली. सोलापूरच्या सात रस्त्यावर चहा पिता पिता मी मित्रांना बोलून गेलो, "रविवारी या की बे घरी. 'स्टार ट्रेक'चा एक एपिसोड बघू. जुनाच. एकच."

हा 'एकच' मला नडला.

ही अंतराळप्रवासाची मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली आणि ३ जून १९६९ ला संपली. भाग ७९. 'आमची मोहीम पाच वर्षांची' असं कॅप्टन कर्क दर आठवड्याला बजावून सांगायचा आणि तिसऱ्या वर्षीच गाशा गुंडाळला. आमच्याकडे ती आली ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर, रविवारी सकाळी. आम्ही तेव्हा मिसरूड फुटलेले, मराठी माध्यमाचे. इंग्रजी शिकलेलो होतो, पण ते 'माय काऊ' छापाचं. कर्क बोलायला लागला की त्यातली एक गाय आम्हाला सापडायची नाही. तरी एकही रविवार चुकवला नाही.

वाड्यात टीव्ही एकच, मालकांचा, ब्लॅक अँड व्हाइट. पण मालक हौशी. त्यांनी काचेवर ते रंगीत प्लॅस्टिक बसवलं होतं. वर निळं, मधे केशरी, खाली हिरवं. ज्यांनी ते बघितलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून पटायचं नाही. कर्कचं अंतराळजहाज एंटरप्राइझ; आमच्या एंटरप्राइझवर प्रत्येकाचं डोकं निळं, छाती केशरी आणि पाय हिरवे होते. खुर्चीवरून उठला की माणूस रंग बदलायचा. कर्कच्या परग्रही सहकाऱ्याचं, स्पॉकचं, रक्त हिरवं असतं हे पुढं कळलं, पण तो वाकून यंत्रात बघायला लागला की अर्धा हिरवा व्हायचाच, त्यामुळे आम्हाला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

नुकसान झालं ते वेगळंच. लाल शर्टवाला खाली ग्रहावर उतरला की बहुतेक परत येत नाही, हे जगात शेंबड्या पोरालाही माहीत. आम्हाला पत्ताच नाही! आमचे सगळेच केशरी. मरणार कोण, ही धाकधूक आम्हाला शेवटपर्यंत असायची. आमच्यातल्या अण्णाचं तर म्हणणं आहे की रंगीत टीव्हीवाल्यांनी ही मालिका बघितलीच नाही, त्यांनी फक्त शर्ट बघितले.

तर रविवारी संध्याकाळी तिघं आले. मे महिना. दिवसभर त्रेचाळीस अंशांत भाजलेली स्लॅब आता आमच्यावर उष्णता सोडत होती आणि कूलर नुसता आवाज करत होता. त्यात रात्री पाण्याची पाळी. आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येतं, किती वाजता ते त्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून हिनं आधीच बजावलं होतं, "दहाच्या आत आटपा."

मी रिमोट हातात घेतला आणि विचारलं, "कुठला लावू?"

साडेसहा वाजले होते.

मास्तर म्हणाला, "द ट्रबल विथ ट्रिबल्स." मास्तर गणिताचा, आता निवृत्त. ट्रिबल म्हणजे केसाळ, गुबगुबीत, कुरकुरणारे गोळे. खातात आणि वितात, तिसरा उद्योग नाही. अंतराळस्थानकावरच्या कोठारातला गहू ते फस्त करतात आणि झाकण उघडल्यावर सगळे कर्कच्या डोक्यावर कोसळतात. किती आहेत ते स्पॉक बघता क्षणी सांगतो, सतरा लाख एकाहत्तर हजार पाचशे एकसष्ट. मास्तरनं टीपॉयवरची लग्नपत्रिका उलटी केली आणि पेन मागितलं.

"एक ट्रिबल. दर बारा तासाला दहा पिल्लं. म्हणजे एकाचे अकरा. तीन दिवसांत किती वेळा? सहा. अकराचा सहावा घात. कर की गुणाकार."

"केलेला आहे बे तू. पंचवीस वर्षं दर वर्गात केलायस."

"आणि बरोबर आलाय! १७,७१,५६१. कुठल्या सीरियलचं गणित बरोबर येतं सांग."

"ते राहू दे," अण्णा म्हणाला. "सतरा लाख जनावरांना पाणी कुठून आणणार?"

मास्तर गप्प झाला. सोलापुरात या प्रश्नाला उत्तर नाही.

अण्णाचे टॉवेलचे माग आहेत. त्याला ट्रिबल आवडत नाही, कारण तसले गोळे त्याला कारखान्यात मागाखालून रोज झाडून काढावे लागतात. त्याचा एपिसोड 'अरीना'. त्यात कर्कला एका सरड्यासारख्या गॉर्नबरोबर ओसाड ग्रहावर सोडून देतात. हत्यार नाही, मदत नाही. कर्क हिंडून गंधक गोळा करतो, कोळसा गोळा करतो, सोरा गोळा करतो, बांबूत ठासतो, वरून दगडांऐवजी चक्क हिरे भरतो आणि बार उडवतो. आपण ज्याला खटपट म्हणतो ती हीच, असं अण्णाचं मत. "माझ्याकडला फिटर आसंच करतोय. पार्ट मिळंना म्हणून माग बंद ठेवलाय का कधी?" हे सांगता सांगता त्यानं समोरच्या ताटातली कडक भाकरी उचलली, तिच्याखाली काकडी धरली, मागं दोन हिरव्या मिरच्या खोचल्या आणि एंटरप्राइझ तयार केलं. हुबेहूब. ते त्यानं शेंगाच्या चटणीच्या डोंगरावरून दोनदा फिरवलं, मग पुढच्या तबकडीचा एक तुकडा मोडून दह्यात बुडवला.

माझं मत मी मांडलं. माझा एपिसोड 'द डेव्हिल इन द डार्क'. खाणीत एक दगडी प्राणी असतो, होर्टा. आम्लानं खडक विरघळवत फिरतो, खाणकामगारांना मारतो. सगळे त्याच्या जिवावर उठलेले. शेवटी कळतं की ती आई आहे आणि खाणवाले जे सिलिकॉनचे गोळे फोडत सुटलेत ती तिची अंडी आहेत. आता, हे सगळं मला पुढं समजलं. तेव्हा समजली ती एकच गोष्ट. स्पॉक तिच्या मनाशी मन जोडतो आणि ती दगडावर आम्ल सांडून अक्षरं उमटवते : 'नो किल आय'. अख्ख्या मालिकेत मला संपूर्ण कळलेलं हे एकमेव इंग्रजी वाक्य. आणि तेसुद्धा चुकीचं! अगदी असल्याच वाक्याबद्दल मी आदल्या आठवड्यात वर्गात छड्या खाल्ल्या होत्या. परग्रहावर आपल्या इयत्तेचं कुणीतरी आहे, हा दिलासा मला शाळेनं कधी दिला नाही.

"हे काय कारण झालं का बे?" मास्तर म्हणाला.

एवढ्यात ही मिरच्या न्यायला आली (दोन कमी पडल्या होत्या). पडद्यावर जहाजाचा डॉक्टर मॅकॉय कुणावर तरी चकचकीत नळी फिरवत होता. ही म्हणाली, "मीठदाणीनं काय तपासतायत ते?"

आम्ही हसलो. मग मास्तर हसायचा थांबला, कारण त्याला माहीत होतं. शरीरातलं मीठ शोषणाऱ्या राक्षसाच्या भागासाठी सामानवाल्यांनी खरोखरच झकपक मीठदाण्या आणल्या होत्या. त्या इतक्या नव्या धाटणीच्या होत्या की बघणाऱ्याला मीठदाणी वाटणारच नाही, म्हणून साध्या वापरल्या आणि या डॉक्टरला दिल्या. आम्ही चाळीस वर्षं जी भविष्यातली वैद्यकी म्हणून बघितली, ती हिनं स्वयंपाकघरातून येता येता ओळखली.

हे सगळं चाललं असताना स्वामी शांत बसून होता. त्याचं चाटी गल्लीत कापडाचं दुकान. गिऱ्हाईक दमेपर्यंत थान उलगडत राहायचं, ही त्याची पद्धत. आमची दमछाक झाल्यावर तो म्हणाला, "आता माझा लाव. ती बाईचा."

आणि आमच्या तिघांच्या पोटात गोळा आला. ट्रिबलएवढा.

इथं खरं सांगायला हवं. हा वाद आम्ही इतकी वर्षं इतक्या त्वेषानं घालतोय तो ट्रिबलसाठी नाही, होर्टासाठी नाही. स्वामीचा एपिसोड लागू नये म्हणून घालतोय.

'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर'. मॅकॉयला चुकून औषधाचा भलता डोस टोचला जातो, तो भ्रमिष्ट होऊन काळाच्या दरवाज्यातून भूतकाळात उडी मारतो, त्याच्यामागं कर्क आणि स्पॉक. न्यूयॉर्क, १९३०. तिथं ईडिथ कीलर नावाची बाई गरिबांना जेवू घालत असते. कर्क तिच्यावर जीव टाकतो. सगळं छान चाललेलं. एका संध्याकाळी दोघं हातात हात घालून निघतात, ती म्हणते, क्लार्क गेबलचा पिक्चर बघू. आणि नेमक्या त्या क्षणी, ऐंशीच्या दशकातल्या त्या रविवारी, आमच्या वाड्यातली लाईट गेली.

स्वामीच्या लेखी गोष्ट तिथं संपली. दोघं पिक्चरला गेले, लग्न केलं, बाई जहाजावर आली. तो नुसतं समजून थांबला नाही. पुढं काही वर्षांनी गड्ड्याच्या यात्रेत, आकाशपाळण्यापाशी, एका मुलीला त्यानं धीर करून विचारलं, "पिक्चरला येता का?" एरवी स्वामी गिऱ्हाइकाला भाव सांगतानाही खाली बघायचा. हा धीर कर्कचा. ती मुलगी म्हणजे आताची स्वामीची मिसेस.

आणि खरा शेवट? ईडिथ रस्ता ओलांडते, समोरून ट्रक येतो. मॅकॉय तिला वाचवायला धावतो आणि कर्क त्याला मिठी मारून अडवतो. ती जगली तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरणार आणि हिटलर जिंकणार, असं स्पॉकनं शोधून काढलेलं असतं. आम्हाला हे केबल आल्यावर कळलं. स्वामीच्या मिसेसनाही कळलं. तो दुकानात असताना त्यांनी तो भाग बघितला आणि एका लग्नात मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "भावजी, यांना तो शेवट दाखवू नका हं." स्वामी एकट्यानं बघत नाही. मोबाईलवर डोळे दुखतात, आणि बघायचा तर चौघांनी मिळून, हा त्याचा हट्ट.

मास्तरनं शेवटचा प्रयत्न केला. "अरे, तो लिहिणारा हार्लन एलिसनच खूश नव्हता बे. त्याची पटकथा बदलली म्हणून जन्मभर भांडला." ह्याच भागाला विज्ञानकथांचा १९६८ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला, हे त्यानं गिळलं. नाइलाज होता.

"वहिनींना विचारू," स्वामी म्हणाला.

हिला मी ही भानगड कधी सांगितलेली नव्हती. संसारात ज्या गोष्टी सांगायच्या राहतात त्यातली ही एक. ती म्हणाली, "एवढे पुरुष आणि तो सरडा. एखादी बाई असेल असं काहीतरी लावा."

लागला. नऊ वाजून गेले होते. सबटायटल लावू का विचारल्यावर आम्ही तिघं एका सुरात 'नको' म्हणालो.

मधे एक धोक्याची जागा आहे. स्पॉक कर्कला सरळच सांगतो की ईडिथ कीलरला मरावंच लागेल. स्वामीला आता तेवढं इंग्रजी येतं. ती जागा जवळ आली तसा अण्णानं घसा साफ केला आणि मग असा खोकला काढला की चाळीस वर्षांची रुई बाहेर पडतेय असं वाटावं. मास्तरच्या हातून स्टीलचं ताट पडलं. पडलं ते गरगरत राहिलं, पायानं थांबवेपर्यंत स्पॉकचं बोलून झालं होतं. "काय म्हणाला?" स्वामीनं विचारलं. "गणित आहे काहीतरी," मास्तर म्हणाला.

कर्क आणि ईडिथ रस्त्यावर आले. हातात हात. ती क्लार्क गेबलचं नाव घेते ते स्वामी तिच्याबरोबर ओठ हलवत म्हणाला. चेहरा असा उजळलेला की मला बघवेना. मी रिमोट शोधायला लागलो. रिमोट अण्णाच्या बुडाखाली. कर्क रस्ता ओलांडून स्पॉककडे धावला. मॅकॉय दारातून बाहेर आला. ईडिथनं फुटपाथवरून पाय खाली टाकला.

"पाणी आलं!" मोरीतून ही ओरडली.

सोलापूरच्या माणसाला हे दोन शब्द ऐकल्यावर विचार करावा लागत नाही. सगळ्यांत आधी उठला तो स्वामी. धोतर-पँट काही असो, माणूस आधी नळाकडे. मी अण्णाला ढकलून रिमोट काढला आणि टीव्ही बंद केला. पॉज नाही, बंद. पाण्याबद्दल इतकी कृतज्ञता मला गेल्या दहा वर्षांत वाटली नव्हती.

पुढचा तासभर मोटर, टाकी, बॅरल, घागरी. अण्णानं पाइपला चिंधी बांधून गळती थांबवली आणि म्हणाला, अरीना. मास्तर गच्चीवर टाकीत वाकून ओरडत होता, "मी गणिताचा मास्तर हाय बे, प्लंबर न्हाय!" डॉक्टर मॅकॉय होर्टाच्या जखमेला काँक्रीट लिंपताना 'मी डॉक्टर आहे, गवंडी नाही' म्हणतो, तो सूर त्याला बरोबर लागला होता. स्वामी भिजलेल्या सदऱ्यानं शेवटची घागर ठेवून खुर्चीत बसला. दहा वाजून गेले होते.

"राहिलेलं?" त्यानं विचारलं.

"नेट गेलंय," मी म्हणालो.

"जाऊ दे बे. राहिलंय काय त्यात? पिक्चरला जातात." त्यानं स्कूटर सुरू केली. "पुढच्या रविवारी बघू."

"पुढच्या रविवारी ट्रिबल्स," मास्तर म्हणाला. "अरीना," अण्णा म्हणाला. फाटकाशी परत सुरू झालं, ते शेजारच्यांनी खिडकी उघडेपर्यंत चाललं.

झोपताना दिवा बंद केल्यावर हिनं विचारलं, "अहो, त्या बाईचं पुढं काय झालं?"

मी थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिलो.

"पिक्चरला गेले दोघं."

"कुठला?"

"क्लार्क गेबलचा."

"बरं," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.