मॉडेल नंबर विचारला की यांच्या पोटात का दुखतं?

सुटे पार्ट जोडून नवा कॉम्प्युटर बनवून घ्यायचाय, म्हणून दुकानदाराकडे कोटेशन मागितलं होतं. व्हॉट्सॲपवर आलं ते असं: 'आय५ बारावी जनरेशन, एच६१० बोर्ड, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी जेन४, ८ जीबी ग्राफिक, ५०० वॉट गेमिंग एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट.' खाली एक आकडा आणि हात जोडलेला इमोजी.

झालं, एवढंच. कुठल्याच वस्तूची कंपनी नाही, मॉडेल नाही. कंपनी कुठली म्हणून विचारलं तर उत्तर आलं, 'सगळं ब्रँडेड आहे साहेब.' अहो, चपलाही ब्रँडेड असतात! मला दिवसभर त्या मशीनवर काम करायचंय. डॉकर, अँड्रॉइड स्टुडिओ ही सॉफ्टवेअर बनवायची जड अवजारं चालणार, क्रोमचे टॅब तर विचारूच नका. आणि रात्री दोन तास शांतपणे गेम खेळायचाय. यात काही जगावेगळं मागणं आहे का?

'८ जीबी ग्राफिक' हा शब्दप्रयोग तर डोक्यातच जातो. मेमरी किती हे सांगून ग्राफिक कार्ड कसं आहे ते कळत नाही. ८ जीबीचं जुनं कार्डही असतं आणि नवंही, आणि दोघांच्या वेगात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पण सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारून चालणार नाही, कारण खरी मेख कंपन्यांनीच मारून ठेवलीय. ग्राफिक चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१६ साली जीटीएक्स १०६० हे कार्ड काढलं, ३ जीबी आणि ६ जीबी. माणसाला वाटणार फरक फक्त मेमरीचा. प्रत्यक्षात ३ जीबीवाल्यात कोरच, म्हणजे चिपमधले काम करणारे हातच कमी, १२८०च्या जागी ११५२. २०१८मध्ये जीटी १०३०ची मेमरी ग्राफिकसाठीच्या वेगवान जीडीडीआर५वरून साध्या डीडीआर४वर आणली, मेमरीचा वेग जवळजवळ एक तृतीयांशावर आला, आणि नाव? जीटी १०३०च! आरटीएक्स ३०५०चं ६ जीबीचं कार्ड आलं तेव्हाही तेच, ८ जीबीवाल्यापेक्षा कोर कमी आणि मेमरी बस, म्हणजे मेमरीकडे जाणारा रस्ता, १२८ बिटांवरून ९६वर. २०२२मध्ये तर कहर केला. खऱ्या ४०८०पेक्षा वेगळ्याच, लहान चिपचं कार्ड '४०८० १२ जीबी' म्हणून जाहीर केलं. लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की महिन्याभरात मागे घ्यावं लागलं. मग जानेवारीत तेच कार्ड ४०७० टीआय होऊन बाजारात आलं. म्हणजे योग्य नाव देता येत होतं, द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या चिप कंपनीच्या, एएमडीच्या चाहत्यांनी टाळ्या वाजवायचं कारण नाही. त्यांचे रायझेन ७ ५७०० आणि ५७००एक्स हे प्रोसेसर शेजारी शेजारी ठेवा. आठ कोर यातही, आठ कोर त्यातही. कोणालाही वाटेल, 'एक्स' नाही म्हणजे जरा हळू असेल. एवढंच नाही हो! ५७००मध्ये एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी, ३२ एमबीच्या जागी १६ एमबी, आणि पीसीआयई, म्हणजे कार्ड आणि एसएसडी जोडायची वाट, चौथ्या पिढीच्या जागी तिसऱ्या. गेममध्ये कॅशचा फरक चांगलाच जाणवतो. खोक्यावर हे कुठे ठळक लिहिलंय? शोधा म्हणजे सापडेल.

आता एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे माझी सटकलीच.

दुकानात जाऊन ते '५०० वॉट गेमिंग' प्रकरण हातात घेतलं. पहिली गोष्ट म्हणजे वजनच नाही. रिकामा डबा उचलावा तसं उचललं गेलं. बाजूला चिकटवलेलं लेबल वाचलं. +१२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. अठरा गुणिले बारा, दोनशे सोळा. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही जवळपास सगळी वीज बारा व्होल्टच्या लाइनवरूनच ओढतात. म्हणजे माझ्या कामाचे वॉट दोनशे सोळा. उरलेले कुठून आले? ३.३ आणि ५ व्होल्टचे आकडे फुगवून लिहिलेले, आणि वरच्या अंगाला ड्रॅगनचं चित्र. मी लेबलवर बोट ठेवून दाखवलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, 'चालतं हो, सगळे हेच लावतात.' सगळे हेच लावतात म्हणून माझ्या तीस-चाळीस हजारांच्या कार्डाशेजारी मी हे लावू? ८० प्लस आहे का विचारलं, तर 'ते फॉरेनमध्ये लागतं.' वास्तविक ८० प्लस म्हणजे फक्त कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र. शॉर्ट झाल्यावर नुसता बंद पडेल की शेजारच्या पार्टांनाही घेऊन जाईल, हे त्यातून कळत नाहीच. पण इथे तेवढंही नाही.

त्यावर यूपीएस. महावितरणच्या कृपेने तो लागतोच, आमच्याकडे पाऊस पडायला ढग जमले तरी लाइट जातात. त्यावर दुकानदार म्हणतो, 'घरचा जुना ६०० व्हीएचा आहे ना, चालेल.' ६०० व्हीएवर साधारण ३६० वॉट मिळतात, तेही बॅटरी नवी असेल तर. गेम चालू असताना लाइट गेले की तो एकदा टुक करणार आणि मशीनसकट झोपणार. शिवाय चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे वीज नीट ओढणारं सर्किट असतं, त्याचं आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर देतो त्या विजेच्या ओबडधोबड वेव्हचं कधी कधी अजिबात पटत नाही. हे सांगायचं काम कोणाचं?

बोर्डाची गंमत बघा. एच६१०वर जेन४ एसएसडी दिलीय. एच६१०वरचा एसएसडी बसवायचा एम.२ स्लॉट जेन३चा, म्हणजे आधीच्या, हळू पिढीचा असतो. म्हणजे जेन४चे पैसे माझे, वेग जेन३चा. रॅमच्या फक्त दोन जागा, आणि त्यात १६ जीबीची एकच पट्टी, म्हणजे सिंगल चॅनल. आठ-आठच्या दोन घातल्या असत्या तर प्रोसेसरला दोन्ही वाटांनी डेटा मिळाला असता. 'नंतर वाढवता येईल' हे कारण ठरलेलं. नंतर म्हणजे कधी, रॅमचे भाव बघितलेत का?

ते तर आणखीच. 'दिवाळीनंतर घे, भाव उतरतात,' असं सांगणारा एक शहाणा प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे तो मामा आहे. २०२५ची दिवाळी झाली आणि डीडीआर५ रॅमचे भाव बघता बघता दुपटीच्या पुढे गेले, कारण सगळी मेमरी एआयच्या डेटा सेंटरांनी उचलली. डिसेंबरात मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करतोय म्हणून जाहीर केलं. २०२१मध्ये इथरियम हे आभासी चलन खणणाऱ्यांनी ग्राफिक कार्डं पळवली होती, आता हे. आपण कायम रांगेत शेवटी. मामा आता म्हणतो, 'मग लॅपटॉप घे ना.'

प्रोसेसरच्या नावातल्या एका अक्षराबद्दलही कोणी अवाक्षर काढत नाही. कोटेशनमध्ये नुसतं 'आय५'. खोदून विचारलं तर निघाला १२४००एफ. एफ म्हणजे आत ग्राफिक नाही. चालेल, स्वस्त पडतो. पण उद्या कार्ड बिघडलं आणि वॉरंटीत पाठवलं, की ते परत येईपर्यंत स्क्रीन काळी. गेम गेला खड्ड्यात, माझं काम कोण करणार? आणि हा प्रोसेसर खोक्यातला की ट्रेचा, म्हणजे खोक्याशिवाय सुटा, तेही अध्याहृत. ट्रेचा असेल तर वॉरंटीसाठी थेट इंटेलकडे जाता येत नाही, विकणाऱ्याच्याच दारात बसावं लागतं.

आणि शेवटी तो पेटंट प्रश्न. 'बिल पाहिजे का? मग जीएसटी १८ टक्के वर पडेल.' म्हणजे आधी दिलेला आकडा कशाचा होता, शुभेच्छांचा? बिल नाही तर वॉरंटी कशावर मागायची? त्यावर म्हणे, 'आम्ही आहोत ना.' तीन वर्षांनी कार्ड बंद पडेल तेव्हा त्या गाळ्यात मोबाईल कव्हरं विकायला असतील आणि हे 'आम्ही' फोन उचलणार नाहीत.

मी परत मेसेज केलाय. प्रत्येक पार्टची कंपनी, पूर्ण मॉडेल नंबर, किंमत जीएसटी धरून, आणि बिलावर सिरियल नंबर. उत्तर आलं, 'साहेब, एवढी चौकशी कोणी करत नाही. ऑर्डर कन्फर्म करू का?'

नाही. करू नका.