जिन्याचं पोट बंद करू नका

गोव्यात जुन्या घराची डागडुजी निघाली की हल्ली एक टूम हमखास निघते: लाकडी जिन्याखाली प्लाय मारून कपाट करूया, जागा फुकट जाते! माझं स्पष्ट मत आहे, असं करू नका. जिना चढायचा वरून, पण राखायचा खालून.

जुन्या पद्धतीत पायरीला खिळा नसतो. दोन्ही बाजूंच्या दोन इंची फळ्यांना अर्धा इंच खोल खाचा पाडतात. खाच पुढे पायरीच्या जाडीएवढी आणि मागे जाताना रुंद होत जाते. दीड इंची पायरी त्यात सरकवायची आणि खालून पाचर ठोकायची. पाचर पायरीला वर दाबून खाचेच्या वरच्या कडेला घट्ट बसवते. बाजू फाकू नयेत म्हणून दर पाच-सहा पायऱ्यांमागे एक आडवं लाकूड, त्याचे कुसू, म्हणजे टोकांना कोरलेल्या जिभा, बाजूच्या फळीतून आरपार काढून बाहेरून पाचर.

आता आपला पाऊस. जुलैत लाकूड फुगतं, मेमध्ये आटतं, तेही रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून पाचरी सैल होतात आणि पाय ठेवला की करकर ऐकू येते. उपाय दहा मिनिटांचा: मेअखेर खाली बसून प्रत्येक पाचर हातोडीने हलकी ठोकायची. पावसात ठोकू नका, तेव्हा फुगलेलं लाकूड घट्टच भासतं. प्लाय मारलेला असेल तर हे करणार कुठून? मग कुणीतरी वरून खिळे मारतो. खारी हवा लागून खिळा गंजतो, भोवतीचं लाकूड काळं पडतं आणि करकर परत येते ती येतेच.

पाचरीला सरस लावू नका, आपल्या दमट हवेत तो मऊ पडतो. पाचर गळू नये म्हणून एक बारीक पितळी स्क्रू पुरे.

माप: मजला साडेदहा फुटांचा असेल तर 7 इंचांचे 18 चढ, म्हणजे एका पायरीपासून पुढच्या पायरीपर्यंतची उंची. पायरी 10 इंच रुंद, शिवाय नाकाचा, म्हणजे पुढे आलेल्या कडेचा, एक इंच. दोन चढ आणि एक पायरी मिळून 24 इंच आले की पाय अडखळत नाही. सगळे चढ सारखेच हवेत. शेवटचा अर्धा इंच कमी-जास्त झाला तरी रात्री माणूस ठेचकाळतो.

लाकूड साग किंवा किंदळ, पण गाभ्याचंच. बाहेरचं फिकं लाकूड वाळवी आधी खाते. दीड इंची फळी निदान वर्षभर सावलीत, मध्ये पट्ट्या घालून सुकवा. ओलीच लावली तर 11 इंचांत सहज पाव इंच आटते.

जिन्याचा पाय कधीही चिऱ्यात पुरू नका. पहिली पायरी दगडाची करा आणि लाकूड त्यावर टेकवा. भिंतीपासून बोटभर फट सोडा, वाळवीची माती चढली तर दिसली पाहिजे. खालच्या अंगाला काजूच्या टरफलाचं तेल चालतं, होड्यांना लावतात तेच. कठड्याला मात्र नको, ते कातडी भाजतं. तिथे जवसाचं तेल लावा.

मेस्तला, म्हणजे सुताराला, काम देताना आधी विचारा: पाचर कुठून ठोकणार?