अर्धी प्रॉपर्टी म्हणे!

सकाळी फॅमिली ग्रुपवर एका काकांनी फॉरवर्ड टाकलाय. घटस्फोट झाला की नवऱ्याची अर्धी प्रॉपर्टी बायकोला, पुरुषांनो सावध व्हा वगैरे. खाली हसऱ्या तोंडांची रांग. तिथे तोंड उघडलं असतं तर घरातल्या पुढच्या कार्याचं आमंत्रण आलं नसतं, म्हणून इथे लिहितेय.

कुठे मिळते हो ही अर्धी प्रॉपर्टी? पत्ता तरी द्या.

गोव्यात मिळते, तेवढं खरं. तिथे पोर्तुगीजांचा 1867 चा नागरी कायदा अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता एक होते आणि निम्मी-निम्मी. घर विकायचं तर बायकोची सही लागते. (कारभार तिथेही नवऱ्याच्याच हाती दिलाय, पण असो.) गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात बांद्याला आलात की खेळ खलास. इकडे ज्याच्या नावावर त्याचं. नवरा गेला की हिंदू वारसा कायद्याने बायको पहिल्या वर्गातली (म्हणजे आधी वाटा मिळणाऱ्यांतली) वारस, आणि तो धडधाकट असेपर्यंत मालकीत शून्य.

माझ्या मावसबहिणीचं सांगते. दोघंही नोकरीला. लग्न झाल्यावर ठरलं की त्याच्या पगारातून फ्लॅटचा हप्ता आणि ताईच्या पगारातून घर. तेव्हा कोणाच्याच मनात काही काळंबेरं नव्हतं. किराणा, दूध, मुलाची फी, सासऱ्यांची औषधं, सगळं तिच्याकडे. ताई हिशोबाची पक्की. लांबट वह्या, त्यांना रबर लावलेलं, त्यात मोलकरणीच्या खाड्यांपासून सिलिंडरपर्यंत सगळं. पुढे लग्न मोडलं. वकिलांनी त्या वह्या चाळल्या आणि विचारलं, "यातला एक तरी रुपया फ्लॅटला गेला, असं दाखवता येईल का?"

नाही येत दाखवता. हप्ता त्याच्या खात्यातून गेला, त्याची नोंद बँकेत आहे. पण तो पगार अख्खाच्या अख्खा हप्त्याला मोकळा राहिला तो कोणामुळे?

"पण पोटगी मिळते ना?" मिळते. ताईलाही मिळाली. कोर्टाच्या मनात आलं तर एकरकमीही मिळते. पण ती न्यायाधीशांपुढे आपली गरज मांडून मिळवायची. ताईला गरज नव्हती हो, हिस्सा हवा होता. या दोन गोष्टींतला फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी आपला पगार वर्षभर बायकोच्या हातात देऊन रोज पेट्रोलला पैसे मागून बघावेत.

2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने राहत्या घरातून बायकोला असंच बाहेर काढता येत नाही, हेही मान्य. पण तो राहण्याचा हक्क झाला, मालकीचा नाही. आणि हो, कायद्याचा गैरफायदा घेणाऱ्या बायकाही असतात. असतात. पुढे.

नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला वाटा देणारं विधेयक ऑगस्ट 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं. लोकसभेत अडकलं आणि 2014 ला बारगळलं. त्यानंतर सगळे चिडीचूप.

मद्रास हायकोर्टाने मात्र 2023 मध्ये एका गृहिणीच्या बाजूने निकाल दिला. नवरा सौदीत कमावत होता, ती इकडे घर आणि मुलं बघत होती. कोर्ट म्हणालं, तिने घर सांभाळलं म्हणून तो कमवू शकला, तेव्हा त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचा समान वाटा. मी तो निकाल ताईला पाठवला. तिचं उत्तर आलं, "बाई तमिळनाडूची आहे." एवढंच. मला तिच्यावरही राग आला आणि मग नाही आला.

आपल्याकडे कोणाला सुचलंच नाही असंही नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती नावाची मोहीम काढली होती. शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन करून दिली. कोरडवाहू शेती करणारी माणसं होती ती. आणि आमचे टू-बीएचकेवाले पुरोगामी "आपल्यात कुठे असं तुझं-माझं असतं?" म्हणतात. नसतं ना? मग घराच्या इंडेक्स टूवर (नोंदणीच्या उताऱ्यावर) एकच नाव का?

सरकारचीही गंमत बघा. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर नाही.

असो. चिडून झालं. आता कामाचं सांगते. राहतं घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल तर त्यातला हिस्सा बायकोला बक्षीसपत्राने देता येतो. नवरा-बायकोत राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. वर अधिभार आणि नोंदणीचा खर्च. कर्ज चालू असेल तर आधी बँकेला विचारावं लागतं. आज जेवताना घरात विषय काढा, आणि कोण काय म्हणालं ते कमेंटमध्ये लिहा. नावं नका लिहू.