होय, घसरगुंडीसाठीच

आज आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. चौदा जणी आल्या होत्या. वाणाला यंदा मी हातमोज्यात घालायच्या गरम पुड्या दिल्या. (हसू नका. इथे अमेरिकेत, सॉल्ट लेक सिटीच्या जानेवारीत प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा त्या जास्त कामाला येतात.) सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात मुलाकडे पुण्याहून आलेल्या एक काकू मला कुंकू लावता लावता म्हणाल्या, "काय गं, तू म्हणे घसरगुंडी खेळायला कॅलिफोर्नियातली नोकरी सोडलीस?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. हातात तिळगुळाची वाटी असताना माणूस दुसरं काय करणार?

आता रात्रीचे अकरा वाजलेत, भांडी मशीनमध्ये लावून झालीत, आणि मला अजिबात हसू येत नाहीये.

नोकरी सोडली नाही काकू, बदलली. पगार कमी घेतला, हे खरं. आणि हो, घसरगुंडीसाठीच, म्हणजे बर्फावरच्या स्कीइंगसाठी.

मुलांच्या शाळेसाठी लोक क्युपर्टिनोत आयुष्यभराचं कर्ज काढून खुराडं घेतात, त्यांना आपण 'विचारी' म्हणतो. भाऊबंद जवळ हवेत म्हणून न्यू जर्सी सोडत नाहीत, त्यांना 'कुटुंबवत्सल'. बाईने डोंगरासाठी शहर निवडलं की मात्र खुळ! आणि गंमत बघा, ह्याच काकू चहा घेताना कौतुकाने सांगत होत्या की त्यांनी सिंहगड रोडला फ्लॅट घेतला कारण काकांना दर रविवारी गडावर जायचं असतं. मी तेव्हा काहीच बोलले नाही. आता इथे बोलते आहे, कारण त्या फेसबुकवर नाहीत.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आमची साखळ्यांची रात्र ठाऊक आहे. परत सांगते, सगळं तिथूनच सुरू झालं.

फेब्रुवारी 2019. आई-बाबा साताऱ्याहून आले होते, तेव्हा आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) फ्रीमाँटला होतो. बाबांना बर्फ दाखवायचा म्हणून शुक्रवारी दुपारी टाहोच्या बर्फाळ डोंगरांकडे निघालो. नकाशा म्हणतो साडेतीन-चार तास. डॉनर पासच्या घाटाअलीकडे वादळ आलं आणि गाडी घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या लावायची सक्ती झाली. पैसे घेऊन साखळ्या लावून देणारी माणसं असतात तिथे, पण त्यांच्यापुढे ही रांग. शेवटी मीच रस्त्याकडेच्या चिखलमिश्रित बर्फात उताणी झाले, कॅमरीच्या चाकाखाली डोकं, बोटं बधिर, साखळीची आकडी काही केल्या लागेना. बाबा माकडटोपी घालून मोबाइलची बॅटरी धरून उभे. म्हणाले, "हे दर आठवड्याला करता तुम्ही?"

"छे हो बाबा. महिन्यातून एकदा."

"मग बाकीचे रविवार काय करता?"

मला उत्तर सुचलं नाही. पोहोचायला नऊ तास लागले. दुसऱ्या दिवशी बर्फावर होते ते जेमतेम दोन तास.

मी स्कीइंग शिकले चौतिसाव्या वर्षी, ऑफिसच्या सहलीत. सरकत्या पट्ट्यावरून वर जायचं, शेंबड्या पोरांच्या मागे उभं राहायचं आणि दहा फुटांवर आपटायचं. त्या दिवशी सतरा वेळा पडले, अठराव्यांदा वळले. ते वळण मी अजून विसरलेले नाही. सातारच्या मुलीला पाऊस इंचात मोजायची सवय असते. महाबळेश्वरला दोनशे इंच झाला की आमच्याकडे बातमी व्हायची. पाण्याऐवजी बर्फ मोजायला कितीसा वेळ लागणार?

तर साखळ्यांच्या रात्रीनंतर मी शहरं बघायला लागले. नुसती नोकरी बघायची तर बे एरियासारखं दुसरं गाव नाही, ते मला कुणी शिकवू नये. डेन्व्हरचं सगळ्यांनी सुचवलं. नोकऱ्या आहेत, रिसॉर्ट तर इतके की नावं संपत नाहीत. एका रविवारी दुपारी तिथल्या आय-70 महामार्गावर आयझेनहॉवर बोगद्याशी लागलेली गाड्यांची रांग पाहिली आणि थेट लोणावळ्याहून परतणारा खंडाळ्याचा घाट आठवला. त्यासाठी पासपोर्ट कशाला लागतो? सिअॅटलची ऑफर पैशाला सगळ्यात चांगली होती. स्नोक्वाल्मी पासची स्कीची जागा तासाभरावर, रात्रीही चालू. पण बर्फ ओला, जड, सैल भिजलेल्या कणकेसारखा. तिथले लोकच त्याला काँक्रीट म्हणतात. सिअॅटलवाल्यांनो, भांडायला या, मी जागीच आहे.

माझी कसोटी एकच होती: बुधवार. बुधवारी कामावरून सुटल्यावर जाऊन, येऊन, मुलांना झोपवता येतं का? शनिवार-रविवार सगळ्यांचेच असतात. ज्या गोष्टीसाठी अख्खी सुट्टी राखून ठेवावी लागते, ती वर्षातून पाचदा होते आणि दर वेळी पहिल्यापासून शिकावी लागते.

सॉल्ट लेक ह्या कसोटीत पास झालं. सँडीतल्या आमच्या घरातून रस्ता मोकळा असेल तर आल्टाचं स्की रिसॉर्ट अर्ध्या तासावर. बुधवारी संध्याकाळी ब्रायटनच्या रिसॉर्टला दिव्यांच्या उजेडात दीड तास, नऊला घरी, गरम मुगाची खिचडी. 2022 च्या उन्हाळ्यात आलो आणि पहिलाच हिवाळा 2022-23 चा. आल्टाला 903 इंच बर्फ पडला. म्हणजे 75 फूट! विक्रम. मला वाटलं इथे दरवर्षी असंच असतं. शेजारी हसून हसून बेजार.

आता कुणी म्हणायच्या आधी मीच म्हणते. हवा घाण होते. हिवाळ्यात ह्या खोऱ्यातल्या थंड हवेवर गरम हवेचं झाकण बसतं, धूर खालीच कोंडतो, पंधरा-पंधरा दिवस समोरचा डोंगर दिसत नाही. धाकट्याचा खोकला मी ऐकते, मला कळतं. आल्टाला जाणारा कॅनियनचा, म्हणजे दरीतला, रस्ताही काही साधा नाही. ताजा बर्फ पडला की पहाटे स्फोट करून हिमकडे पाडतात, तोवर रस्ता बंद, आणि उघडला की मागच्या लाल दिव्यांची मैलभर रांग. तिला इथे 'लाल साप' म्हणतात. त्या सापाच्या पोटात मीही बसलेय, काकू, दोन-दोन तास. मुंबईला जायचं तर अॅमस्टरडॅम नाहीतर पॅरिसला बदलावं लागतं. मराठी मंडळ एका दिवाणखान्यात मावतं.

आणि एक गोष्ट आहे जी एच-1बी व्हिसावाल्यांनाच कळेल. ग्रीन कार्डासाठीचं आय-140 मंजूर होतं, प्रायॉरिटी डेट (रांगेतली जागा) सोबत आली, पण नोकरी बदलल्यामुळे पर्म, म्हणजे त्याआधीची कामगार खात्याची मंजुरी, परत पहिल्यापासून. उद्या नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठ दिवस. बे एरियात साठ दिवसांत दुसरी मिळते असं म्हणायची हिंमत तरी होते. इथे जवळच्या लीहाय गावाच्या बाजूला कंपन्या आहेत, 'सिलिकॉन स्लोप्स' वगैरे नावही दिलंय, पण बोटांवर मोजून होतात. हे मला झोपेत आठवतं. बरोबर आहे, हा जुगार आहे. मान्य. पुढे चला.

मघापासून एक गोष्ट टाळत होते, ती लिहिते.

साखळ्यांच्या त्या रात्री गाडी परत चालू झाल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी मुंबईची बदली घेतली असती तर माझंही असंच झालं असतं. अजिंक्यताऱ्यासाठी महिन्यातून एकदा एसटीत बसलो असतो." बाबा चाळीस वर्षं रोज पहाटे अजिंक्यतारा चढतात. त्यासाठी त्यांनी 1986 मध्ये बढती नाकारली, ही आमच्या घरातली दंतकथा आहे. मी ती अभिमानाने शंभर जणांना सांगितली आहे. ह्या पोस्टमध्येही तशीच सांगणार होते, काकूंच्या तोंडावर फेकायला.

पण त्या रात्री मागच्या सीटवरून आई बोलली. सबंध प्रवासात पहिल्यांदा. "त्याच साली मला मुंबईत बँकेची नेमणूक आली होती. तो गड मला कितीला पडला ते कुणी विचारलं नाही."

गाडीत फक्त साखळ्यांचा खडखडाट. बाबा खिडकीबाहेर बघत होते, बाहेर काळोखाशिवाय काहीही नव्हतं.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कारण ते सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, आणि तो काकूंनी नाही विचारला, मीच विचारते: माझ्या घसरगुंडीचं बिल कोण भरतंय?

नवरा स्की करत नाही. एकदा केलं, गुडघा दुखावला, विषय संपला. त्याची टीम अजून कॅलिफोर्नियात आहे, दर महिन्याला तीन दिवस जातो, आणि त्याच्या मॅनेजरने गेल्या वर्षी स्पष्ट सांगितलं की लीड व्हायचं तर इकडे राहा. तो घरी येऊन हे ज्या सुरात बोलला, त्या सुरात लोक दूध संपल्याचं सांगतात. मी त्या बुधवारीही ब्रायटनला गेले होते. लिफ्टवर बसून रडले, उतरताना वळणं नीट घेतली, घरी आले. त्याने खिचडीवर तूप घातलेलं होतं.

मी त्याला विचारलंय. तीनदा विचारलंय, परत जायचं का. तो म्हणतो राहू दे, मुलांना आवडतंय, आणि कॅलिफोर्नियात आपलं घर कधी झालं असतं? हे खरं बोलतो की माझ्यासाठी बोलतो, मला ओळखता येत नाही. आईनेही बाबांना तेहतीस वर्षं "राहू दे"च म्हटलं असणार.

काकू, तुमच्यावरचा राग उतरला. सिंहगडावर काकांबरोबर तुम्ही कधी जाता का, एवढं मात्र विचारायचं राहिलं.

मघाशी कुटुंबाच्या ग्रुपवर हळदीकुंकवाचे फोटो टाकले होते. बाबांचा लगेच प्रश्न, "किती पडला?" मी लिहिलं, काल रात्रीपासून नऊ इंच. त्यांनी अंगठा दिला. आईचा मेसेज आत्ता आलाय.

"साडी छान दिसते. जावयांच्या प्रमोशनचं काय झालं?"