टाळ्या वाजवून आपुलकी येत नाही

ऑफिसचं वातावरण आनंदी असलं की माणसं टिकतात, असं सांगणारा एक लेख वाचला. मुद्दा मान्य. पण आनंदी असणं वेगळं आणि आनंदी दिसायची सक्ती वेगळी, ते मात्र त्यात राहून गेलंय. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्येच हवाई सुंदरींच्या कामाविषयी लिहिताना याला भावनिक श्रम म्हटलं होतं. आत काहीही चालू असो, चेहरा हसराच हवा. (पगारपत्रकात या श्रमाचा रकाना नसतो!)

उलट बारसेड आणि ओ'नील या संशोधकांचा २०१४ चा अभ्यास पाहा. रुग्णांच्या दीर्घकालीन देखभालीच्या केंद्रात जिथे कर्मचारी एकमेकांशी मायेनं वागत, तिथे त्यांचा मानसिक थकवा कमी, दांड्या कमी आणि समाधान जास्त आढळलं.

माझ्या आधीच्या नोकरीत दर सोमवारी मीटिंगआधी टाळ्या वाजवायचा कार्यक्रम असे. वडील गेल्यावर मी कामावर परतले, तर साहेब म्हणाले, "जरा पॉझिटिव्ह राहा." शेजारच्या टेबलावरच्या बाई काहीच बोलल्या नाहीत. माझ्या फायलींचा अर्धा गठ्ठा उचलून स्वतःकडे घेऊन गेल्या, बस्स. पुढची दोन वर्षं मी तिथे काढली ती त्यांच्यामुळे.