लंडनला उतरायचं कुठे? आधी स्टेशन बघा, मग हॉटेल

मार्च उजाडला की नाशिक, पुणे, कोल्हापूरकडून मेसेज यायला लागतात. "मे महिन्यात लंडनला येतोय, आई-बाबा बरोबर आहेत, हॉटेल कुठे बघू?" सोबत दोन-तीन लिंक असतात आणि त्या सगळ्या एकाच हिशोबाने शोधलेल्या असतात: बिग बेनपासून किती किलोमीटर. इतकी वर्षं इथे राहून, पाहुण्यांना घेऊन हे शहर फिरून माझं मत पक्कं झालंय. लंडनमध्ये मुक्काम ठरवताना बिग बेनचं अंतर बघायचंच नाही. हॉटेलच्या दारापासून स्टेशन किती मिनिटांवर आहे, त्या स्टेशनावरून कुठली लाईन जाते आणि तिथे जिने किती आहेत, एवढंच बघायचं. मुंबईत भाड्याचं घर बघताना आपण पहिल्यांदा "स्टेशनहून चालत किती?" हेच विचारतो ना? मग इथे तो प्रश्न का विसरायचा?

लंडन पसरलंय खूप. भाड्याच्या दृष्टीने शहराचे झोन पाडलेत, मधला झोन १ आणि बाहेर जाल तसा आकडा वाढत जातो. आपल्याकडे समज असा की झोन १ म्हणजे सोय आणि झोन ३ म्हणजे कुठेतरी लांब, आडगावात. प्रत्यक्षात झोन १ मधल्या एखाद्या गल्लीत राहून दोन गाड्या बदलत फिरण्यापेक्षा झोन ३ मधून थेट गाडीने येणं कितीतरी सुखाचं असतं. शिवाय अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर ट्यूबने, म्हणजे इथल्या मेट्रोने, फुकट जातात आणि मोठ्यांच्या भाड्याला रोजची कमाल मर्यादा असते. रोज एकच कार्ड टॅप करत राहिलात की त्या मर्यादेपुढे दिवसभर कितीही फिरा, पैसे कापले जात नाहीत. फक्त प्रत्येक मोठ्या माणसाकडे स्वतःचं कार्ड हवं, एका कार्डावर दोघं जाता येत नाही.

आता जिन्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण वेबसाइटवरच्या फोटोंत जिने कधीच दिसत नाहीत.

पॅडिंग्टनजवळच्या ससेक्स गार्डन्ससारख्या रस्त्यांवर छोट्या हॉटेलांची रांगच आहे. बाहेरून फार सुंदर, पांढरे खांब, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या. मूळची ही जुनी राहती घरं, एकाला एक चिकटलेली, अरुंद आणि उंच. अशा अनेक घरांत लिफ्ट नाही. माझ्या मित्राचे आई-बाबा सांगलीहून आले होते, त्यांना अशाच एका हॉटेलात तिसरा मजला मिळाला. जिना इतका चिंचोळा की तेवीस किलोची बॅग आणि माणूस शेजारी-शेजारी मावत नाहीत. पायऱ्यांवर जाड गालिचा, दर वळणावर तिरक्या कापलेल्या पायऱ्या, धरायला एकाच बाजूला कठडा. काकू दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी आता खाली येणार नाही, मला इथेच डबा आणा." दिवसभर ट्यूबचे जिने झालेले, वर हे. दुसऱ्या दिवशीचं ग्रीनिच त्यांनी सोडून दिलं. इतके पैसे खर्चून, व्हिसाचे सोपस्कार करून आलेली बाई खोलीत बसून राहिली, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून बुक करण्याआधी हॉटेलला सरळ ईमेल करा: लिफ्ट आहे का, आणि असली तर रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या आहेत का. "लोअर ग्राउंड" लिहिलेली खोली म्हणजे तळघर, हे लक्षात ठेवा. स्वस्त खोल्यांमध्ये बिनखिडकीच्याही असतात, ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आणि बाथरूम! पुष्कळ जुन्या ठिकाणी शॉवर बाथटबच्या आत असतो. सत्तरीच्या माणसाने गुडघाभर उंच काठ ओलांडून ओल्या टबात उतरायचं म्हणजे पोटात गोळा येतो. नुसता शॉवर असलेली खोली मागून घ्या. मिळते, फक्त मागावी लागते. मग्गा बरोबर आणा, हे मी सांगायला नको.

स्टेशनांचंही तेच. लंडनची ट्यूब १८६३ सालापासून चालू आहे, त्या काळी व्हीलचेअरचा आणि चाकांच्या बॅगांचा विचार कोण करणार! २७२ पैकी साधारण एक तृतीयांश स्टेशनांवरच रस्त्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत एकही पायरी न चढता जाता येतं. कॉव्हेंट गार्डनला लिफ्ट आहे, पण ती बंद असली किंवा तिथे गर्दी असली की १९३ पायऱ्यांचा गोल जिना समोर येतो. टीएफएलच्या, म्हणजे लंडनची वाहतूक चालवणाऱ्या संस्थेच्या, नकाशावर बिनपायऱ्यांच्या स्टेशनांवर व्हीलचेअरचं चिन्ह असतं. तो नकाशा उघडा आणि चिन्ह असलेल्या स्टेशनाच्या आसपासच हॉटेल शोधा. बजेट बघायचं ते त्यानंतर.

मला विचाराल तर आई-बाबांना घेऊन येणाऱ्यांनी आधी एलिझाबेथ लाईन बघावी. मे २०२२ मध्ये सुरू झाली, ४१ स्टेशनं, आणि सगळी बिनपायऱ्यांची. रुंद प्लॅटफॉर्म, एसी गाडी. हीथ्रोहून थेट येते. पिकॅडिली लाईनपेक्षा हीथ्रोचं भाडं बरंच जास्त पडतं, पण रात्रभर विमानात बसून आलेल्या माणसांसाठी मी ते डोळे झाकून देईन. या लाईनवर माझी आवडती जागा ईलिंग ब्रॉडवे. हीथ्रो आणि मध्य लंडन यांच्या मधोमध, उतरल्यावर लगेच दुकानं, बागा, संध्याकाळी निवांत फिरायला रस्ते. तिथून टॉटनहॅम कोर्ट रोड पंधरा-वीस मिनिटांत, तिथून ब्रिटिश म्युझियम चालत. सेंट्रल आणि डिस्ट्रिक्ट लाईनही तिथूनच सुटतात, म्हणजे एक लाईन रखडली तर दुसरी आहे. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण शनिवार-रविवारी कुठली ना कुठली लाईन दुरुस्तीसाठी बंद असतेच.

दुसरी माझी लाईन जुबिली. वेम्बली पार्कला मुक्काम केलात तर अर्ध्या तासात वेस्टमिन्स्टर, आणि तिथे लिफ्टने वर आलं की बिग बेन डोक्यावरच. मेट्रोपॉलिटन लाईन पकडली तर बेकर स्ट्रीट दुसरंच स्टेशन. हॉटेलं नवी, लिफ्टवाली. वेम्बलीतल्याच ईलिंग रोडवर गुजराती दुकानं, फरसाण, भाजी, मंदिर. पोहे आणि ताजी मेथीसुद्धा मिळते. पण वेम्बली स्टेडियममध्ये ९० हजार माणसं बसतात. मॅच किंवा कार्यक्रम असेल त्या दिवशी हॉटेलचे दर भडकतात आणि संध्याकाळी स्टेशनात शिरणं मुश्किल होतं. तारखा आधी स्टेडियमच्या कॅलेंडरशी ताडून बघा. याच लाईनवर पुढे डॉलिस हिल, जिथे १९३२ साली स्थापन झालेलं आपलं महाराष्ट्र मंडळ आहे. गणपतीच्या दिवसांत येणार असाल तर याच भागात उतरा, आरतीला जाऊन या. परदेशात "सुखकर्ता दुःखहर्ता" शंभर गळ्यांतून ऐकताना काय होतं ते लिहून सांगता येत नाही.

मध्यवर्ती भागात राहूच नये असं माझं म्हणणं नाही. दोनच रात्री असतील, रात्री नाटकं बघायची असतील, तर जरूर राहा. तेव्हा मी किंग्ज क्रॉस सुचवतो. सहा ट्यूब लाईन, बिनपायऱ्यांचं स्टेशन, एडिंबराची गाडी तिथूनच, पॅरिसची शेजारच्या सेंट पँक्रसहून. शाकाहारी मंडळींसाठी युस्टनजवळचा ड्रमंड स्ट्रीट चालत जाण्यासारखा. तरुण मुलं येणार असतील तर उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यापीठांच्या वसतिगृहांतल्या खोल्या पर्यटकांना देतात, त्या बघा. साध्या, स्वच्छ, आणि मोक्याच्या जागी. आणि शनिवार-रविवार येणार असाल तर कॅनरी व्हार्फ आणि "सिटी" या ऑफिसांच्या भागांतली हॉटेलं बघा, आठवड्यातली गर्दी ओसरली की तिथले दर उतरतात.

घरगुती भाड्याच्या फ्लॅटबद्दल एकच सांगतो. लंडनमध्ये अख्खं घर वर्षाला ९० रात्रींपेक्षा जास्त असं पर्यटकांना द्यायचं तर कौन्सिलची परवानगी लागते. त्यामुळे ऐन वेळी रद्द होणारी, पत्ता न सांगणारी जागा आई-बाबांसाठी घेऊ नका. स्वयंपाकघर हवंच असेल तर छोटं किचन असलेली अपार्ट-हॉटेलं मिळतात. रिसेप्शनला माणूस असतो आणि रात्री ताप आला तर कुणाला तरी हाक मारता येते.

आता थोडं नाजूक. स्लाऊ, हॅरो, हाउन्स्लो इथे आपली खूप मंडळी राहतात, आणि भाच्याकडे उतरलो नाही तर त्याला काय वाटेल, ही काळजी आपल्या आधीच्या पिढीला फार. जा ना, जरूर जा, दोन दिवस राहा, पोटभर गप्पा मारा. पण दहा दिवस तिथून रोज ये-जा करू नका. दोन बेडरूमचं घर, एक बाथरूम, दोघांची नोकरी, मुलांची शाळा. सकाळी आठला त्या बाथरूमसाठी सहा जण रांगेत असतात. बोलत कुणीच नाही, अवघडतात मात्र सगळे. तीन रात्री भाच्याकडे आणि उरलेल्या हॉटेलात, हे आधीच फोनवर मोकळेपणाने ठरवा. मी भाच्याच्या जागी राहिलेलो आहे, म्हणून सांगतो, त्याला वाईट वाटत नाही.

तर मला मेसेज कराल तेव्हा हॉटेलच्या लिंकआधी एवढं लिहा: बरोबर सर्वांत वयस्कर कोण आणि गुडघे कसे आहेत, हीथ्रोचं टर्मिनल कुठलं, विमान किती वाजता उतरतं, आणि बघायचं नक्की काय आहे. प्रिमरोज हिलजवळचं १०, किंग हेन्रीज रोड त्या यादीत असू द्या. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते आणि २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. एवढं कळलं की मी स्टेशन सांगेन, हॉटेल तुम्ही निवडा.